गुलाम-चव्वीचा कॉल: लाइव्ह पोकर शोमध्ये संशय आला तेव्हा कोणी काय केलं

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. हे प्रकरण खरं आहे आणि कॅमेऱ्यासमोर घडलंय, त्यामुळे ज्यांना पोकर माहितीये ते दोन ओळीत ओळखतील. तरी माणसांची नावं मी घेत नाहीये. कारण सोपं आहे, इथे एका व्यक्तीवर चीटिंगचा आरोप झाला आणि तो सिद्ध झाला नाही. म्हणून आरोप करणाऱ्याला 'रेग' म्हणू (असल्या टेबलावर नेहमी बसणाऱ्या मुरलेल्या खेळाडूला पोकरवाले रेगच म्हणतात) आणि जिच्यावर आरोप झाला तिला 'नवी' म्हणू. तिच्या खेळात ज्याने पैसे लावले होते आणि जो स्वतःही त्याच टेबलावर बसला होता तो 'बॅकर'.

तिने चीटिंग केलं की नाही यावर लोक अजून भांडतात, त्यात मला पडायचं नाही. मला रस आहे तो त्या रात्रीच्या पहिल्या तासात आणि पुढच्या काही आठवड्यांत कोणी काय ठरवलं त्यात.

पार्श्वभूमी

टीव्हीवरचं पोकर मुळात बघण्यालायक झालं तेच झाकलेली पानं प्रेक्षकांना दिसायला लागल्यावर. त्याआधी काय, चार माणसं गप्प बसलीयेत, कोणीतरी चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) पुढे ढकलतंय, कशासाठी ते कळत नाही. हेन्री ओरेनस्टाइन नावाच्या अमेरिकन संशोधकाने, हा माणूस खेळणी बनवण्यासाठी प्रसिद्ध, 1990 च्या दशकात टेबलात कॅमेरा बसवून पानं दाखवायचं पेटंट घेतलं आणि 1999 मध्ये ब्रिटनमधल्या एका टीव्ही कार्यक्रमात काचेखालून पानं दाखवली गेली. तिथून पोकर हा बघायचा खेळ झाला.

आता काच वगैरे नसते. प्रत्येक पानात आरएफआयडीची बारीकशी चिप असते, प्रत्येक खेळाडूच्या जागेखाली अँटेना असतो, खेळाडूने पानं त्या जागी ठेवली की सिस्टिमला कळतं कोणाकडे काय आहे आणि ती माहिती कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर जाते. प्रेक्षकांना हे सगळं उशिराने दाखवतात, म्हणजे घरी बसलेला मित्र व्हॉट्सअ‍ॅपवर "त्याच्याकडे काहीच नाहीये, कॉल कर" (म्हणजे त्याने लावले तेवढे पैसे तूही लाव) असं कळवू शकत नाही.

पण हा उशीर फक्त बाहेरच्यांसाठी असतो, आणि इथेच सगळी मेख आहे. यंत्रणेला पानं त्याच क्षणाला कळलेली असतात, आणि ती स्क्रीन ज्याला बघता येते त्यालाही. बोर्डाच्या परीक्षेत पेपर सीलबंद असतो, पण ज्याच्या कपाटाची किल्ली आहे त्याच्यासाठी तो सीलबंद नसतो, तसंच हे.

हा धोका कोणाला माहीत नव्हता असंही नाही. कॅलिफोर्नियातच सॅक्रामेंटोजवळच्या स्टोन्स गॅम्बलिंग हॉलमध्ये 2019 साली मोठा गदारोळ झाला होता. तिथल्या लाइव्हस्ट्रीमवर एक खेळाडू महिनोन्महिने जवळपास प्रत्येक अवघड जागी बरोबर निर्णय घेत होता. कधी कोणी करणार नाही असा फोल्ड (म्हणजे पानं टाकून देणं), कधी कोणी करणार नाही असा कॉल, आणि मधेच नजर मांडीवरच्या फोनकडे. त्याच शोवर खेळणाऱ्या आणि कॉमेंट्रीही करणाऱ्या एका बाईने आधी व्यवस्थापनाकडे संशय बोलून दाखवला, तिथे तिचं कोणी मनावर घेतलं नाही, शेवटी तिने जाहीर केलं आणि मग हजारो लोक जुने व्हिडिओ काढून तपासायला बसले. त्या खेळाडूने आरोप नाकारले. ऐंशीहून जास्त खेळाडूंनी दावा लावला. 2020 मध्ये फेडरल कोर्टाने त्यातला बहुतेक भाग काढून टाकला, कारण जुगारात गेलेले पैसे कोर्टातून वसूल करायला कॅलिफोर्नियाचा कायदा सहसा साथ देत नाही. नंतर कॅसिनोबरोबर बहुतेकांची तडजोड झाली. त्या खेळाडूवर फौजदारी गुन्हा कधी दाखल झाला नाही.

म्हणजे आपलं हे प्रकरण घडलं तेव्हा लाइव्हस्ट्रीमची पानं फुटू शकतात ही शंका प्रत्येक रेगच्या डोक्यात तीन वर्षं घर करून होती.

तो डाव

ठिकाण लॉस एंजेलिसजवळचं गार्डेना, हसलर कॅसिनो. तिथला लाइव्ह शो 2021 मध्ये सुरू झाला आणि वर्षभरात जगातल्या सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या पोकर स्ट्रीम्सपैकी एक झाला. रेग हा त्या शोचा हिरो. शांत बसणार, बेधडक खेळणार, लोक त्याला बघायला यायचे. नवी त्या मानाने अगदीच नवखी, एवढ्या मोठ्या रकमांवर खेळायची तिला सवय नव्हती.

तारीख 29 सप्टेंबर 2022. रेगच्या हातात किलवर अठ्ठी आणि किलवर सत्ती. नवीच्या हातात गुलाम आणि चव्वी, वेगवेगळ्या रंगाची. फ्लॉप, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं, आला बदाम दश्शी, किलवर दश्शी, किलवर नव्वी. रेगला म्हणाल तर सगळंच लागायचंय आणि म्हणाल तर हातात काहीच नाही: किलवर आलं तर फ्लश (एकाच रंगाची पाच पानं), छक्की किंवा गुलाम आला तर सिक्वेन्स (ओळीने पाच पानं). त्याने 2,500 डॉलर लावले, तिने कॉल केला. इथेच खरं तर भुवया उंचावायला हव्या होत्या, कारण गुलाम-चव्वीला त्या फ्लॉपवर फारसं काही नाहीये, पण नवखे लोक असले कॉल करतात, चालायचंच.

टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, बदाम तिर्री. त्याने 10,000 लावले, तिने ते 20,000 केले. त्याने ऑल-इन ढकललं, म्हणजे समोरचे सगळे पैसे लावले. आता तिला आणखी 1,09,000 डॉलर घालायचे होते, आणि हातात काय तर नुसता गुलाम. जोडी नाही, ड्रॉ (पुढच्या पानावर फ्लश किंवा सिक्वेन्स लागायची शक्यता) नाही. तिने थोडा वेळ घेतला आणि कॉल केला.

दोघांनी शेवटचं पान दोनदा काढायचं ठरवलं, म्हणजे अर्धा पॉट (डावात जमलेली रक्कम) एका रिव्हरवर, अर्धा दुसऱ्यावर. एकदा नव्वी आली, एकदा एक्का. दोन्ही वेळा ती जिंकली. पॉट होता 2,69,000 डॉलरचा, तेव्हाच्या भावाने दोन कोटी रुपयांच्या वर.

पानं उघडी झाली तेव्हाचा रेगचा चेहरा पोकर बघणाऱ्या जवळपास प्रत्येकाने बघितलाय. तो ओरडला नाही, काही फेकलं नाही, नुसता टक लावून बघत राहिला.

नेमकी अडचण काय

पोकर न खेळणाऱ्याला वाटेल, बाई जिंकली, नशीब, सोडा. म्हणून जरा उकलून सांगतो.

रेग तिथे ब्लफ करत असू शकतो हे मान्य. पण त्याचे बहुतेक ब्लफसुद्धा तिच्या गुलामाला हरवतात. एक्का किंवा राजा धरून फ्लशच्या मागे लागलेला असेल, राणी-गुलाम घेऊन सिक्वेन्सच्या मागे असेल, तरी मोठ्या पानावर तो पुढेच. गुलाम जिंकतो तो अगदी मोजक्या हातांविरुद्ध, अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की असल्या. म्हणजे तिच्या बाजूने तो कॉल बरोबर ठरायला रेगकडे जवळपास तीच पानं असायला हवीत जी होती. ज्याच्या डोक्यात आधीच स्टोन्सचं प्रकरण बसलंय त्याला हे बघून काय वाटेल ते सांगायला नको.

आता उलट बाजू. समजा तिला त्याची पानं माहीत होती. मग उरलेल्या 44 पानांपैकी वीसेक पानं त्याला जिंकवणारी आहेत, बाकीची तिला. पॉटचं गणित धरलं तर तो कॉल फायद्याचा आहे, हे खरं. पण ज्याला समोरच्याची पानं दिसतायत तो माणूस अख्ख्या जगाच्या डोळ्यांसमोर, जवळजवळ नाणेफेक असलेल्या जागी, स्पष्टीकरण देता येणार नाही असा कॉल करून लाखभर डॉलर घालेल का? गुपचूप चार सोपे पॉट मारेल ना!

यावर संशयवाल्यांचं उत्तर असं, की तिला पानं दिसत नसतील, नुसता इशारा मिळत असेल, "तू पुढे आहेस" एवढाच. तसं असेल तर कॉल बरोब्बर समजतो. मग अंगठी, पाण्याची बाटली, खुर्चीतलं कंपन, लोकांनी काय काय शोधून काढलं विचारू नका.

आणि तिसरं, तिने स्वतः नंतर दिलेलं कारण: तिला वाटलं हातात गुलाम-तिर्री आहे, म्हणजे टर्नवर तिर्रीची जोडी लागलीये. शक्य आहे. अडचण अशी की डाव संपल्या संपल्या टेबलावर तिने हे धडपणे सांगितलं नाही, आधी वेगळं काहीतरी बोलली, तू ब्लफ करतोयस असं वाटलं वगैरे. संशयवाल्यांना तो पुरावा वाटला. मला तो फारसा वाटत नाही, एवढ्या मोठ्या टेबलावर आपण आपलीच पानं चुकीची वाचली हे पटकन कबूल करायला कोणालाही लाज वाटेल. पण हेही खरं की चीटिंग करणारा माणूससुद्धा नेमकं असंच अडखळेल.

म्हणजे या एका डावाकडे कितीही वेळ बघितलं तरी निकाल लागत नाही, तिन्ही गोष्टी त्यात बसतात. स्टोन्समध्ये महिनोन्महिन्यांचा पॅटर्न होता. इथे हातात होता एक कॉल, आणि वर्षभर स्ट्रीम चालवली की त्यात वेडे कॉल येतातच, त्यातले जिंकलेले तेवढे आपल्या लक्षात राहतात. निकाल लागणार असेल तर तो डावाच्या बाहेरच्या गोष्टींवरून: कंट्रोल रूममध्ये कोण होतं, कोणत्या स्क्रीनवर काय दिसत होतं, कोणाचा फोन कोणाशी बोलला.

समोर कोणते पर्याय होते

रेगकडे तसे तीन. गप्प बसून खेळत राहायचं आणि सेशन संपल्यावर शोच्या लोकांशी बोलायचं. लगेच फ्लोअरच्या माणसाला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्या कॅसिनोच्या माणसाला, बोलवून अधिकृत तक्रार करायची. किंवा स्वतःच तिला विचारायचं.

शोकडेही तीन. खेळ चालू ठेवायचा. टेबल थांबवायचं. किंवा स्ट्रीम संपवून सगळ्यांना तिथेच ठेवून प्राथमिक चौकशी करायची.

इथे एक नियम लक्षात घ्या. पॉट विजेत्याकडे सरकवला की डाव संपला, कार्डरूममध्ये तो मागे फिरवत नाहीत. म्हणजे संशय कितीही असला तरी चिप्स तिच्या. त्या गोठवायच्या म्हणजे पुरावा नसताना तिला चोर ठरवल्यासारखं, न गोठवाव्या तर ती पाच मिनिटांत उठून जाऊ शकते. हा पेच खरा आहे, त्याला सोपं उत्तर नाही. आणि म्हणूनच त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असायला हवं होतं, कारण रात्री उशिरा, चढलेल्या वातावरणात, शोचा सगळ्यात मोठा चेहरा लाल होऊन उभा असताना कोणी थंड डोक्याने विचार करणार नाही.

काय केलं

रेग टेबलावरून उठला. तिलाही बाहेर बोलावलं गेलं. कॅमेऱ्याच्या बाहेर, कॉरिडॉरमध्ये बोलणं झालं आणि त्या बोलण्याच्या शेवटी तिने त्याला 1,35,000 डॉलर परत दिले.

माझ्या मते त्या रात्रीतली सगळ्यात महागडी चूक ही. तिचं म्हणणं, मला कोपऱ्यात घेतलं, दबाव वाटला, वाद नको म्हणून दिले. त्याचं म्हणणं, मी धमकावलं नाही, तिने स्वतःहून देऊ केले. खरं कोणाचं ते सोडून द्या, पैसे हलले त्या क्षणी दोघांचंही नुकसान झालं. निर्दोष माणूस जिंकलेले पैसे परत का देईल, असं अर्धं जग म्हणायला लागलं. आणि पुरावा हातात नसताना मोठ्या खेळाडूने नवख्या बाईकडून कॉरिडॉरमध्ये पैसे कसे काय घेतले, असं उरलेलं अर्धं. तिचा बॅकर तर भडकलाच, आणि त्याचंही बरोबर होतं, कारण त्या जिंकण्यात त्याचा वाटा होता आणि त्याला न विचारता रक्कम निघून गेली.

शोच्या जबाबदार माणसांपैकी कोणीतरी तिथे ठामपणे मधे पडून "पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत, जे काय असेल ते उद्या लेखी" एवढं बोलायला हवं होतं. ते झालं नाही, आणि का झालं नाही ते समजायला फार डोकं लावायला लागत नाही. आरोप करणारा हा शोचा सगळ्यात मोठा आकर्षणबिंदू होता. तो रागावून गेला तर शोचं काय, हा प्रश्न कोणी उघड विचारला नसेल पण खोलीत होताच.

रेग निघून गेला, नवी टेबलावर परत येऊन खेळत राहिली. खेळ चालू.

पुढच्या काही तासांत रेगने जाहीरपणे सांगितलं की आपल्याला फसवलं गेलंय असं आपल्याला वाटतं. नंतर त्याने लांबलचक मुद्देसूद निवेदन दिलं, त्यात इतरांचीही नावं आली. दोन्ही बाजूंनी लोक तुटून पडले. बाई आहे म्हणून संशय घेताय, पुरुषाने असाच कॉल केला असता तर 'काय डेरिंग' म्हणाला असतात, हा मुद्दा निघाला, आणि तो हवेतला नव्हता. लाइव्ह पोकरच्या टेबलावर बायका कमी, त्यात जिंकणारी नवखी बाई म्हणजे आधीच सगळ्यांच्या नजरा. दुसरीकडे रेगने याआधी हरल्यावर कधी कांगावा केला नव्हता, मोठमोठे पॉट हसत हरला होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं. ती पुढे पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायच्या टेस्टलाही बसली, ती पास झाल्याचं जाहीर केलं गेलं, आणि अपेक्षेप्रमाणे कोणाचंही मत बदललं नाही.

शोने मात्र इथे एक शहाणपणाचा निर्णय घेतला, तपास बाहेरच्यांकडे दिला. लॉ फर्म, सायबर सिक्युरिटीवाले, खाजगी तपास करणारे. आतल्या आत "आम्ही बघितलं, काही नाही" असं म्हणून मोकळे झाले असते तर स्टोन्सची पुनरावृत्ती झाली असती.

मधेच निघालेली चोरी

तपास सुरू होऊन आठवडाच झाला असेल आणि वेगळंच काहीतरी बाहेर आलं. सीसीटीव्ही बघताना दिसलं की त्या रात्री ब्रॉडकास्ट संपल्यावर, नवी टेबलापासून लांब असताना, शोच्याच एका कर्मचाऱ्याने तिच्या चिप्समधून 15,000 डॉलरच्या चिप्स उचलल्या. त्याला कामावरून काढलं आणि शोने हे जाहीर केलं.

झालं, आगीत तेल. कर्मचारी कंट्रोल रूमशी संबंधित, त्याने नेमक्या तिच्याच चिप्स उचलल्या, म्हणजे हा त्याचा वाटा असणार, असं संशयवाल्यांनी धरलं. त्यात तिने आधी पोलिसांत तक्रार करायला नकार दिला. तिचं म्हणणं, तरुण मुलगा आहे, आयुष्य खराब नको. नंतर तिने मत बदललं आणि तक्रार पुढे न्यायला तयार झाली. पहिला नकार लोकांच्या डोक्यात राहिला, दुसरा निर्णय राहिला नाही.

मला या चोरीतून वेगळंच दिसतं. साटंलोटं होतं की नाही हे त्यावरून सिद्ध होत नाही, वाटा घ्यायचा असेल तर माणूस दुसऱ्या दिवशी कुठेतरी भेटून रोख घेईल, कॅमेऱ्याखाली चिप्स कशाला उचलेल. पण एवढं नक्की सिद्ध होतं की ज्या माणसांच्या भरवशावर पानांची गुप्तता होती त्यातला निदान एक जण मोह झाला की हात मारणारा होता. आणि हे कळलं कशामुळे, तर वेगळ्याच कारणाने कोणीतरी फुटेज बघायला बसलं म्हणून. तो डाव झाला नसता तर ती चोरी कदाचित कधीच कळली नसती.

निकाल

डिसेंबर 2022 च्या मध्यावर तपासाचा निष्कर्ष जाहीर झाला: चीटिंग झाल्याचा विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. त्याचबरोबर सुरक्षेत सुधारणा सुचवल्या गेल्या, मुख्य म्हणजे खेळ चालू असताना पानं किती लोकांना दिसतात त्यावर बंधन.

हे वाक्य नीट वाचायला हवं आणि दोन्ही बाजूंनी ते नीट वाचलं नाही. नवीच्या बाजूवाले म्हणाले, बघा, निर्दोष सिद्ध झाली. संशयवाले म्हणाले, पुरावा नाही सापडला म्हणजे झालं नाही असं थोडंच. तांत्रिकदृष्ट्या दुसरं वाक्य बरोबर आहे, पण त्याच्या आधारावर माणसाला आयुष्यभर संशयित ठेवणं मला पटत नाही. आरोप करणाऱ्यावर सिद्ध करायची जबाबदारी असते, ती पार पडली नाही, विषय तिथे थांबायला हवा. एवढं मात्र आहे की जिथे पानं बघू शकणारी माणसं जास्त, तिथे 'कोणी बघितली नाहीत' हे ठामपणे सांगणं कुठल्याही तपासकाला जड जाणार. यात नुकसान झालं तिचं, कारण तिला पूर्ण स्वच्छ सर्टिफिकेट देता येईल अशी यंत्रणाच नव्हती.

रेग बराच काळ पोकरपासून लांब राहिला. शोचं काय? मे 2023 मध्ये त्याच शोवर मिलियन डॉलर गेम झाला, दहा-दहा लाख डॉलर घेऊन लोक बसले आणि तीस लाख डॉलरच्या वरचा पॉट खेळला गेला. म्हणजे धंद्याला फटका बसलाच नाही, उलट ज्यांनी आयुष्यात पोकर बघितलं नव्हतं त्यांनाही शोचं नाव कळलं. हे जरा अस्वस्थ करणारं आहे, कारण मग सुरक्षेवर पैसा घालायची घाई कोणाला असेल?

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, टेबल थांबवणं. रेग उठला त्या क्षणी "तांत्रिक कारणाने ब्रेक" एवढं सांगून स्ट्रीमवर जाहिरात लावता आली असती. त्या वेळात पत्त्यांचा जोड बाजूला काढून सील करायचा, कंट्रोल रूममधल्या माणसांना तिथेच बसवून त्यांचे फोन त्यांच्याच समोर पाकिटात घालायचे, कोणती स्क्रीन कोणाच्या लॉगिनने चालू होती ते लिहून घ्यायचं. संशय तिच्यावर असला तरी शोधाची सुरुवात तिच्या पर्सपासून करायची नाही, कारण पानं फुटली असतील तर ती त्या खोलीतूनच फुटली असणार. हे केलं असतं तर पुढचे अडीच महिने ज्या प्रश्नांवर गेले त्यातले निम्मे त्याच रात्री मिटले असते, आणि बहुधा तिच्याच बाजूने.

दुसरं, दोघांना समोरासमोर उभं न करणं. दोघांशी वेगळं बोलायचं, फ्लोअर मॅनेजर साक्षीदार, रेकॉर्डिंग चालू. तिचं गुलाम-तिर्रीचं स्पष्टीकरण पहिल्या दहा मिनिटांत रेकॉर्ड झालं असतं, किंवा झालं नसतं, दोन्हीपैकी काहीही उपयोगाचंच होतं.

पैशाचं म्हणाल तर माझं मत असं, की चिप्स तिच्याकडेच ठेवायच्या पण कॅश-आउट चोवीस तास थांबवायचा, आणि हा नियम खेळायला बसण्याआधी प्रत्येकाच्या सहीने मान्य करून घ्यायचा. म्हणजे उद्या कोणावरही वेळ आली तर तो अपमान वाटणार नाही, नियम वाटेल. काहींना हे जाचक वाटेल, विशेषतः बॅकर असणाऱ्यांना, ज्यांना दुसऱ्या दिवशी हिशेब करायचा असतो. पण त्याच सहीच्या कागदावर कोणाचा किती वाटा आहे हेही लिहून घेता येईल, आणि तेही महत्त्वाचं आहे. एकाच टेबलावर बॅकर आणि त्याने पैसे लावलेली खेळाडू बसलेत हे बाकीच्यांना खेळ सुरू होण्याआधी माहीत असायलाच हवं.

रेगबद्दल. संशय येणं चूक नाही, तक्रार करणंही नाही. पण एकदा पैसे घेतल्यावर तो तक्रारदार राहिला नाही, स्वतःच निवाडा करून वसुली केलेला माणूस झाला. ती रक्कम त्याने त्याच रात्री कॅसिनोच्या पिंजऱ्यात, म्हणजे कॅशियरकडे, तपास संपेपर्यंत जमा करून पावती घेतली असती तर त्याची बाजू कितीतरी पक्की राहिली असती. आणि नवीने? घाबरलेल्या माणसाला शहाणपण शिकवणं सोपं असतं, तरी सांगतो: "माझ्या वकिलाशी किंवा बॅकरशी बोलल्याशिवाय मी एक चिपही देणार नाही" हे वाक्य तिला वाचवून गेलं असतं.

आपल्याकडे गोव्यात मांडवीवरच्या बोटींवर पोकर खेळणारे पुण्या-मुंबईचे बरेच जण ही स्ट्रीम बघतात, त्यातले काही जण आपापल्या गेम्सही कॅमेरा लावून खेळवायला उत्सुक असतात. आरएफआयडी टेबल घ्यायचं म्हटलं की सगळे ग्राफिक्स कसे दिसतील तेच विचारतात. विक्रेत्याला विचारायचा खरा प्रश्न हा, की पानं लगेच न दाखवता लॉक करून ठेवायची आणि ठरलेल्या वेळेनंतरच ऑपरेटरलासुद्धा दिसतील अशी सोय आहे का, आणि कोणी मधेच बघायचा प्रयत्न केला तर त्याची नोंद मालकालाही पुसता येणार नाही अशी राहते का. हो म्हणाला तर समोर बसून करून दाखवायला सांगायचं.